शिडीचं खालचं टोक

५ जानेवारी, सोमवार. गुडघा ३५ अंश.

ही वही व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी दिली. रोज गुडघा किती वाकला तेवढं लिहायचं, म्हणाल्या. आता शंभर पानी वहीत रोज एक आकडा लिहायचा म्हणजे अख्ख्या भिंतीवर एक ठिपका देऊन घरी जायचं. शिवाय दहा आठवडे घरात बसल्यामुळे माझी बडबड ऐकायला कोणी उरलेलं नाही. मी बोलायला लागलो की बायको स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरात घासते. त्यापेक्षा वही बरी, ती उठून जात नाही.

मी रंगारी. एकतीस वर्षं भिंती रंगवतोय. ऑक्टोबरच्या शेवटी वाचनालयाच्या मोठ्या दालनात पंधरा फुटी शिडीवरून खाली आलो आणि उजवी मांडी मोडली. आत सळई घातली आहे. शिडी खालून धाकट्याने धरली होती. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, अकरा वर्षांनी लहान, माझ्याच हाताखाली ब्रश धरायला शिकलेला. धरली होती असं तो म्हणतो. त्याने हात सोडला, असं मी म्हणतो. दवाखान्यातच त्याला सांगितलं की पुन्हा माझ्या दारात यायचं नाही. तो आला नाही. निदान एकदा तरी येऊन बघायचं होतं मी काय करतो ते.

आज नवीनच त्रांगडं झालं. लेक बारावीला आहे आणि चाचणीत गणितात शंभरपैकी एकोणीस आणलेत. आजवर तिचं गणित धाकटाच घ्यायचा, कारण घरात बारावी विज्ञान झालेला तोच एक. परीक्षा दहा फेब्रुवारीला. ती म्हणाली, "बाबा, काकाला बोलवू या ना."

मी म्हटलं, "काही गरज नाही. मी शिकवतो."

बायकोच्या हातातलं ताट पडता पडता राहिलं. मी दहावीला गणितात नापास झालो होतो हे लग्न ठरताना मीच तिला सांगितलं होतं. फार प्रामाणिकपणा केला तेव्हा.

७ जानेवारी, बुधवार. ३८ अंश.

लेकीची अडचण कुठे आहे ते सापडलं. बारावीचं उदाहरण ती निम्म्यापर्यंत झोकात नेते, मग मध्येच बहुपदीचे अवयव पाडायची वेळ येते आणि गाडी तिथेच बसते. अवयव नववीतले. म्हणजे पुट्टी नीट न भरता वर दोन हात रंगाचे मारलेत. पोपडे येणारच. मी म्हटलं, खरवडून खालपासून सुरू करू.

तिने नववीचं पुस्तक आणून दिलं. क्ष वर्ग अधिक सात क्ष अधिक बारा, याचे अवयव पाडा. सकाळी नऊ ते साडेअकरा मी त्या ओळीकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे. शेवटी बायको म्हणाली, "अहो, प्रायमर लावताय का त्या ओळीला?"

११ जानेवारी, रविवार. ४१ अंश.

जमलं. आणि जमलं ते माझ्या धंद्यामुळे.

गिऱ्हाईक कुठल्या तरी जुन्या दाराचा तुकडा आणून देतं आणि म्हणतं, हा रंग बनवून द्या. मी बघतो आणि सांगतो, यात पांढरा इतका, पिवळा इतका आणि काळ्याचे दोन थेंब. तयार रंगातून त्याचे मूळचे रंग वेगळे काढायचे. अवयव म्हणजे तेच. कोणी तरी दोन कंस गुणून ठेवलेत, आपण मागे जाऊन ते कंस शोधायचे. गुणले की बारा आणि मिळवले की सात, असे दोन आकडे कोणते? तीन आणि चार. म्हणून क्ष अधिक तीन, क्ष अधिक चार. झालं.

मी लेकीला हे असंच सांगितलं. ती म्हणाली, "मग बारा आणि एक का नाही?" म्हटलं, "मिळवून बघ. तेरा होतात. रंग जास्त गडद झाला." तिने वही ओढून घेतली आणि पुढची सहा गणितं स्वतः सोडवली. उणे आलं की आम्ही दोघंही चाचपडतो. क्ष वर्ग उणे क्ष उणे बारा याने मला जेवणाआधी घाम फोडला. उणे चार आणि अधिक तीन हे उत्तर जेवताना सुचलं, तर बायको म्हणते घास तरी गिळा.

क्ष वर्ग अधिक एक मात्र फुटेना. काहीही ठेवून बघा, फुटतच नाही. लेकीने पुस्तकामागची उत्तरं बघून सांगितलं की याचे अवयव पडत नाहीत, असं पुस्तकातच लिहिलंय. बायको म्हणाली, "असतात अशी माणसं." कोणाबद्दल बोलली कोण जाणे.

१६ जानेवारी, शुक्रवार. ४६ अंश.

लेक आता दुपारी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. त्या मैत्रिणीची ताई म्हणे गणितात पुढपर्यंत शिकलेली आहे. बाई हुशार दिसते. आज तिने लिहून दिलेलं एक पान लेकीने आणलं. क्ष घन उणे सहा क्ष वर्ग अधिक अकरा क्ष उणे सहा. घन बघूनच मी पान परत करायला निघालो. खाली ताईंनी लिहिलं होतं: "घाबरू नये. आधी क्षच्या जागी एक ठेवून बघावे." ठेवला. एक उणे सहा अधिक अकरा उणे सहा, बरोबर शून्य. म्हणजे क्ष उणे एक हा एक अवयव. त्याने भागलं की उरतं ते आपलं रोजचं, दोन आणि तीनचं. एका वेळी एकच कोपरा धरून रंग खरवडत गेलं की सगळं दार मोकळं होतं, तसं.

मी लेकीला म्हटलं, ताईंना माझा नमस्कार सांग. ती गालातल्या गालात हसली. वयच तसं असतं.

बायको तिच्याबरोबर रोज चार खणांचा डबा देते. म्हटलं, दोन मुली आणि एक ताई, त्यांना एवढं कशाला? तर म्हणाली, "अभ्यासाने भूक लागते." लागत असेल. मला तर अभ्यासाने डोकं दुखतं.

२० जानेवारी, मंगळवार. ५२ अंश.

आज माझं डोकं फिरलं.

लेक नवीन प्रकरण घेऊन आली, संबंधित दर. दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. एक अमुक वेगाने बदलतेय, तर दुसरी किती वेगाने बदलेल, ते काढायचं. पहिलंच उदाहरण: तेरा फूट लांबीची शिडी भिंतीला टेकलेली आहे. तिचं खालचं टोक सेकंदाला एक फूट या वेगाने भिंतीपासून दूर सरकत आहे, तर ते भिंतीपासून पाच फुटांवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येईल?

मी म्हटलं, ही शिडी धरली कोणी होती ते आधी लिहा म्हणावं.

मग मीच सांगितलं तिला, सगळं, पुन्हा एकदा. वाचनालयाच्या दालनात वरचा पट्टा रंगवत होतो. फरशीला आदल्याच दिवशी पॉलिश झालेलं. धाकटा म्हणाला होता शिडीखाली पोतं घालू, मी म्हटलं पाच मिनिटांचं काम आहे, तू धर. मी वर चढलो. पट्टा ओढत निम्म्यापर्यंत आलो आणि हा खालून ओरडायला लागला, "दादा, शिडी सरकतेय, उतर." मी शिडीच्या टोकाकडे बघितलं. भिंतीला टेकलेलं, जागच्या जागी. म्हटलं, "गप रे, हललीसुद्धा नाही." तो पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदाही ओरडला. त्याच्या ओरडण्याने माझा हात बिघडला आणि पट्ट्याची खालची कड वाकडी गेली. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि मग एकाएकी सगळं खाली. सरकत वगैरे नाही, थेट खाली. याचा अर्थ एकच. शिडी सरकत नव्हतीच. त्याने हात सोडला आणि ती कोसळली.

"पण काका म्हणतो ना की शिडीचा पाय हळूहळू सरकत होता," लेक म्हणाली.

"एकाच शिडीची दोन टोकं," मी म्हटलं. "खालचं फूटभर सरकलं तर वरचंही फूटभर सरकायला हवं. वर मी होतो. मला कळलं नसतं?"

तिने वही मिटली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण जेवण गेलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार. ५५ अंश.

शिडीचं उदाहरण मी ताईंसाठी स्वतः सोडवून पाठवलं. मनात म्हटलं, बघू या बाई काय म्हणते. पाच फुटांवर पाय आहे ना, मग पाचाचा वर्ग पंचवीस, तेराचा एकशे एकोणसत्तर, म्हणून उंची बारा फूट. बारा म्हणजे बारा. बदलणार काय? वेग शून्य. शिडी सरकत नाही. खाली दोन रेघा ओढल्या.

आज उत्तर आलं. ताईंनी शिडीचं चित्र काढलंय, वर एक पोटवाला माणूस, आणि शिडी भिंतीला सात खिळ्यांनी ठोकलेली. खाली लिहिलंय: "विद्यार्थ्याने पाच हा आकडा आधीच घातला. आधीच घातला की शिडी तिथेच ठोकली जाते, मग ती सरकणार कशी? आधी तिला सरकू द्यावे. वेगाचा संबंध लिहून झाल्यावर मग पाच घालावा. विद्यार्थी हट्टी दिसतो."

मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. ताईंना आमच्या धंद्याची बरीच माहिती दिसते. पोटवाल्याच्या बाजूला डबा लटकवलाय तो तारेच्या आकड्याने, डाव्या बाजूला, अगदी मी लटकवतो तसा. लेकीला विचारलं, ताईंच्या घरी रंगकाम झालं का एवढ्यात? तिला ठसका लागला आणि पाणी प्यायला आत गेली. आतून बायकोलाही ठसका लागल्याचा आवाज आला. या घरात थंडीचा खोकला सुरू झालेला दिसतोय.

२६ जानेवारी, सोमवार. ५९ अंश.

रंगाच्या दुकानाचे मालक भेटायला आले होते. बोलता बोलता म्हणाले की धाकटा हल्ली फक्त दारं, कठडे आणि खिडक्यांच्या जाळ्या घेतो. शिडीचं काम आलं की सरळ नाही म्हणतो, कितीही मोठं असलं तरी. कोणासाठी शिडी धरायलाही उभा राहत नाही.

मी म्हटलं, चढले असतील भाव. मालक चहा पिऊन गेले.

२९ जानेवारी, गुरुवार. ६३ अंश.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण ते मला अजून पचलेलं नाही.

लेक आज घरीच होती. तिने मला संबंधित दर शिकवले. हो, तिने मला. पायाच्या अंतराचा वर्ग अधिक टोकाच्या उंचीचा वर्ग, बेरीज कायम तेवढीच, कारण शिडी लांब होत नाही आणि आखूडही होत नाही. त्यावरून विकलन करून शेवटी जे उरतं ते असं: पायाचं अंतर गुणिले पायाचा वेग, बरोबर टोकाची उंची गुणिले टोकाचा वेग. इथपर्यंत मी तिच्या मागे मागे गेलो. मधल्या दोन ओळी नुसत्या मान हलवून पार केल्या, पण शेवटची ओळ समजली.

मग तिने पाच घातला. पाच गुणिले एक बरोबर बारा गुणिले टोकाचा वेग. म्हणजे टोकाचा वेग पाच छेद बारा. पाय एक फूट जातोय आणि टोक अर्धा फूटसुद्धा नाही.

मी म्हटलं, "चूक आहे. पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. तेच आलं. मी म्हटलं, पुस्तकातली शिडी बाजूला ठेव, आपली घे. पंधरा फुटी. पाय भिंतीपासून चार फुटांवर, मीच मोजून लावला होता. कॅल्क्युलेटर माझ्या हातात घेतला. पाय चारवर असताना टोक चौदा फूट साडेपाच इंचांवर. पाय पाचवर गेला की टोक चौदा फूट पावणेदोन इंचांवर.

पाय पूर्ण एक फूट सरकला. टोक पावणेचार इंच उतरलं.

मी तीनदा करून बघितलं. लेकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पेन्सिलीला टोक करत बसली. पेन्सिलीला आधीच चांगलं टोक होतं.

३० जानेवारी, शुक्रवार. ६३ अंश, कालच्याइतकाच.

पुस्तकातलं पुस्तकात. कागदावरच्या शिडीला वजन नसतं, फरशी नसते, आणि वर चढलेला माणूस नसतो. प्रत्यक्षात काय झालं ते प्रत्यक्ष असणाऱ्यालाच माहीत. आणि प्रत्यक्ष मी होतो.

तोही होता म्हणा.

२ फेब्रुवारी, सोमवार. ६६ अंश.

हे सगळं ताईंना कळवावं असं वाटलं. अनोळखी माणसाला विचारणं सोपं जातं. चिठ्ठीत लिहिलं: "शिडी आधी हळू आणि मग एकदम, असं होऊ शकतं का? कृपया खरं सांगावे. एका कौटुंबिक बाबीसाठी हवे आहे."

लेकीने चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "बाबा, नक्की पाठवू?" म्हटलं, "पाठव. लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

४ फेब्रुवारी, बुधवार. ६८ अंश.

ताईंचं उत्तर आलं नाही. लेक म्हणाली, वाचली, पण काही लिहून दिलं नाही. डबाही तसाच परत आला, चारही खण भरलेले. ताईंची तब्येत बरी नसावी.

१० फेब्रुवारी, मंगळवार. ७४ अंश.

गणिताचा पेपर झाला. लेक घरात आली ती चपला न काढताच. दोन्ही प्रकारची गणितं आली होती. अवयव बिनचूक. दरांचं उदाहरण शिडीचं नव्हतं, शंकूच्या आकाराच्या टाकीत पाणी भरण्याचं होतं, पण तिने आधी संबंध लिहिला, विकलन केलं आणि आकडा सगळ्यांत शेवटी घातला. उत्तर मैत्रिणींशी पडताळून बघितलं, बरोबर आहे. साठाच्या वर नक्की, म्हणते.

बायकोचे डोळे भरून आले. मलाही फार आनंद झाला. मग लेक सहज म्हणाली, "आता अभ्यासाला जायचं नाही." आणि माझ्या लक्षात आलं की परीक्षा होऊ दे, मग बघू, असं जे मी स्वतःला सांगत होतो, ते आजपासून सांगता येणार नाही.

खरं लिहितो, वहीशी काय खोटं बोलायचं. मला भीती वाटतेय. त्याचं खरं निघालं तर मी काय केलंय? पडलो मी माझ्या हट्टाने, आणि साडेतीन महिने तो माझ्या शिव्या घेऊन फिरतोय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. ७५ अंश.

सकाळी दोन कुबड्या घेऊन वाचनालयात गेलो. लेक बरोबर होती. ग्रंथपालांनी खुर्ची दिली. बसलो आणि वर बघितलं.

पट्टा अजून अर्धाच आहे. माझ्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नाही. डावीकडून खालची कड सरळ येते, दोरी मारून आखलेल्या रेघेवर अगदी चिकटून, बघत राहावं अशी. मग एका जागेपासून ती रेघ सोडून खाली उतरायला लागते. हात बिघडला की ब्रश हेलकावे खातो, कड खालीवर होते, हे मी शिकाऊ पोरांच्या कामात हजारदा बघितलंय. ही तशी नाही. ही एकसारखी उतरत गेलीय, हात अगदी स्थिर ठेवून आखल्यासारखी. हात स्थिरच होता. शिडीसकट मी उतरत होतो.

बसल्या बसल्या हिशेब केला. मी टोकावर नव्हतो, बाराव्या फुटावरच्या पायरीवर उभा होतो. पंधरातले बारा. टोक पावणेचार इंच उतरलं असेल तर माझ्या वाट्याला तीन इंच आले.

ग्रंथपालांकडे पुस्तकं काढायची चाकाची, कठड्याची पायऱ्यांची गाडी आहे. लेक मोजपट्टी घेऊन तिच्यावर चढली. मी खालून म्हटलं, "जिथे ब्रश उचललाय तिथे मोज. रेघेपासून कडेपर्यंत."

"बाबा, तीन इंच," ती म्हणाली.

"नीट बघ."

"तीन इंच. एक केसभर जास्त."

ती कड बिघडली होती धाकटा ओरडत होता तेव्हा. म्हणजे तो ओरडत होता तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पाय फूटभर सरकला होता, आणि मी वरून त्याला गप बस म्हणत होतो. ग्रंथपालांनी पाणी आणून दिलं. ते प्यायलो आणि घरी आलो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

गुडघा मोजला नाही.

सकाळी अकराला धाकट्याच्या खोलीवर गेलो. दोन गल्ल्या पलीकडे, पहिला मजला. बारा पायऱ्या. कुबड्यांनी जिना कसा चढायचा ते व्यायामाच्या बाईंनी शिकवलंय, पण शिकवताना त्या बाजूला उभ्या असतात. लेक म्हणाली मी येते. म्हटलं, नको, हे एकट्याचं काम आहे.

दार उघडंच होतं. समोरच्या भिंतीवर काळा रंग देऊन फळा केलेला, त्यावर खडूने शिडी, शिडीवर पोटवाला माणूस, त्याच्या डाव्या बाजूला तारेच्या आकड्याला डबा. खिडकीत आमचा चार खणांचा डबा, धुऊन पालथा घातलेला. आणि मैत्रिणीची ताई दारात उभी, आठवडाभराची दाढी वाढलेली.

एवढे दिवस मला कसं कळलं नाही, हे मी बायकोला कधीच विचारणार नाही.

"दादा, बस," तो म्हणाला.

बसलो नाही. बसलो की उठायला वेळ लागतो, आणि बोलून झालं की लगेच निघता यावं असं मनात होतं. म्हटलं, "शिडी सरकत होती. तू उतर म्हणत होतास. मी उतरलो नाही. काल कड मोजून आलोय, तीन इंच आहे. तुझं खरं होतं. माझं चुकलं."

एवढंच पाठ करून गेलो होतो. मला वाटलं तो काही तरी बोलेल, चिडेल, निदान एवढे दिवस लागले का म्हणून टोमणा मारेल. तो खडूची भुकटी बोटांनी चोळत उभा राहिला. मग म्हणाला, "पण हात मी सोडला होता, दादा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"शेवटी. आधी नाही," तो म्हणाला. "आधी धरून होतो, पाय लावून होतो, तरी येतच होती. मग एकदम सगळी वरून यायला लागली, आणि मी सोडून बाजूला झालो. तुझंही खरंच होतं. दवाखान्यात तू म्हणालास तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही, आणि हो म्हणायची हिंमत झाली नाही. तुझी चिठ्ठी आली, खरं सांगावे म्हणून, तेव्हाही झाली नाही. म्हणून आलो नाही. तू येऊ नको म्हणालास म्हणून नाही."

साडेतीन महिने मला त्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. हा कबूल झाला की काय काय सुनवायचं ते सगळं तयार होतं. आता ऐकलं आणि त्यातलं एक वाक्य आठवेना. मी म्हटलं, "खडू दे."

कुबडी काखेत दाबून फळ्यावर लिहिलं. पंधरा फुटी शिडी. पाय चौदावर असताना टोक किती उंच? पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस, चौदाचा एकशे शहाण्णव, उरले एकोणतीस. वर्गमूळ त्याने सांगितलं, पाच पूर्णांक चार दशांश. म्हटलं, "आता पाय शेवटचा एक फूट जातो, चौदावरून पंधरावर. टोक किती उतरतं?"

"सगळं. पाच फुटांच्या वर."

"पहिल्या फुटाला किती उतरलं होतं?"

"पावणेचार इंच."

"मग शेवटच्या फुटात कोणाच्या बापाला धरता आली असती?" मी म्हटलं. "आणि आपला बाप तर एकच होता, तो शिडीला लांबूनच नमस्कार करायचा. धरून उभा राहिला असतास तर मी तुझ्या डोक्यावर आलो असतो. दोघंही शेजारी शेजारी पडलो असतो दवाखान्यात, आणि पोरीचे अवयव कोणी पाडले असते?"

तो हसायला गेला आणि रडायलाच लागला, अगदी लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. मीही रडलो. नाही म्हणण्यात अर्थ नाही. कुबडी पडली ती बराच वेळ कोणी उचलली नाही.

मग म्हटलं, "वाचनालयाचा पट्टा अर्धा राहिलाय. कड सरळ करून पुरा करायचाय. तुला चढावं लागेल, माझं अजून दोन महिने काही खरं नाही. खाली मी बसतो."

तो म्हणाला, "पोतं घालायचं."

"दोन घाल," मी म्हटलं.

निघताना पुन्हा तो जिना होता. चढताना कसाबसा चढलो होतो, पण वरून खाली बघितलं आणि पाय हलेना. ऑक्टोबरनंतर कुठल्याही उंचीवरून खाली बघितलेलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. तो माझ्या पुढे जाऊन दोन पायऱ्या खाली पाठमोरा उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, खांद्यावर हात ठेव."

मी ठेवला, आणि अख्खा भार टाकला.